मंगळवारची स्कूटर

"मंगळवारी दुपारी तुमची मुलगी कुठे जाते, ठाऊक आहे का तुम्हाला?"

सौमित्रच्या आईंनी फोनवर माझ्या आईला हे विचारलं तेव्हा मी तिच्या शेजारीच मेथी निवडत बसले होते. कानाला फोन लावला की आईचं डोकं दुखतं, म्हणून आमच्या घरात फोन कायम स्पीकरवर असतो आणि कोणाचंच काही लपून राहत नाही.

"कॉलेजात," आई म्हणाली. "तास असतो तिचा. का हो?"

"तासच असतो ना? बघा बाई. आमच्या कानावर वेगळंच आलंय."

माझी सुपारी फुटून महिनाही झाला नव्हता. हॉल ठरला होता, आईने आहेराच्या साड्यांवर चिठ्ठ्या चिकटवून ठेवल्या होत्या. सौमित्र आवटे पाटबंधारे खात्यात इंजिनियर, बोलायला संथ, हसायला त्याहून संथ. मला तो बरा वाटला होता. एकतिसाव्या वर्षी एखादा माणूस बरा वाटणं ही काही लहान गोष्ट नाही.

त्यांच्या कानावर आलं होतं ते असं. माझी स्कूटर दर मंगळवारी दुपारी जुन्या सूतगिरणीमागच्या कौटुंबिक सल्ला केंद्राबाहेर उभी असते. त्या केंद्रात संसार विस्कटलेल्या बायका जातात. लग्न न झालेली मुलगी तिथे दर आठवड्याला जात असेल, तर तिचं कुठेतरी लग्न झालेलं असलं पाहिजे. मी ज्युनियर कॉलेजात गणित शिकवते, त्यामुळे खात्रीने सांगते की गणित चोख होतं. चूक फक्त पहिल्या ओळीत होती. स्कूटर म्हणजे मी, असं त्यांनी धरलं होतं.

आता पोलिसांच्या 'मागोवा'बद्दल सांगायला हवं. आमच्या करंजपुरात ते येऊन चारेक वर्षं झाली होती. यंत्र समजायला सोपं आहे. खांबावरचा कॅमेरा येणाऱ्या प्रत्येक गाडीवर डोळ्याला न दिसणाऱ्या प्रकाशाचा झोत टाकतो. नंबरची पाटी तो प्रकाश परत फेकते, त्यामुळे अंधारातही आकडे स्वच्छ उमटतात. फोटोतून पाटी कापून घ्यायची, अक्षरं सुटी करायची आणि वाचायची, हे काम संगणक पापणी लवायच्या आत करतो. मग नंबर, जागा आणि वेळ एवढ्या तीन गोष्टी साठवल्या जातात. कोपऱ्यावरच्या भाजीवाल्यालाही त्या दिसतातच की. पण भाजीवाला चार दिवसांत विसरतो आणि मागोवा दोन वर्षं विसरत नाही.

कॅमेरे आधी फक्त चौकांत होते. मग ते पोलिसांच्या जीपवर आले आणि शेवटी घंटागाड्यांवर. ही युक्ती ज्याला सुचली त्याला मानलं पाहिजे. घंटागाडी रोज सकाळी शहरातल्या प्रत्येक बोळात शिरते. कचऱ्याबरोबर आता कोणाची गाडी रात्री कोणाच्या दारात मुक्कामाला होती, हेही गोळा होऊ लागलं. गेल्या वर्षी त्यात 'रुळलेली वाट' नावाचा भाग जोडला गेला. काही आठवडे गाडी पाहिली की यंत्राला तिच्या सवयी समजतात. नंबर टाकला की नकाशावर त्या गाडीचा अख्खा आठवडा उमटतो, आणि पुढच्या मंगळवारी ती कुठे असेल याचा अंदाजही मिळतो. चोरीच्या गाड्या सापडल्या, साखळीचोरांची एक टोळी सापडली, स्मृती गेलेले एक आजोबा मोटार घेऊन निघून गेले होते तेही सापडले. शहर खूश होतं. नंबर शोधताना पोलिसाला कारण लिहावं लागतं, असं वर्तमानपत्रात छापून आलं होतं. 'संशयास्पद वाहन' एवढं लिहिलं तरी भागतं, हे छापून आलं नव्हतं.

पण मागोवा ओळखतं ते गाडीला. आणि आमच्या 'सुखनिवास' इमारतीत गाडी कोणाची हा प्रश्न फक्त कागदावरचा. माझ्या स्कूटरची चावी दारामागच्या खिळ्याला असते. "शर्वरी, जरा गाडी नेते गं," म्हणत कोणीही नेतं आणि परत आणून चार्जिंगला लावतं. सीटखालच्या डिकीत माझा पांढरा सनकोट आणि स्कार्फ पडलेला असतो, तोही चढवून जातात. एकदा कोट, स्कार्फ आणि गॉगल चढला की करंजपुरातली प्रत्येक बाई सारखीच दिसते.

मंगळवारी स्कूटर न्यायच्या त्या शीतलवहिनी. आमच्या खालच्या मजल्यावरच्या. शिवणाच्या क्लासला जाते, असं त्या म्हणायच्या. मी कॉलेजच्या बसने जायचे. वहिनी ऐन वैशाखात मनगटापर्यंत बाह्यांचे ब्लाउज घालतात हे मला दिसत होतं. खालून येणारे आवाज तर सगळ्या इमारतीला ऐकू येत होते. त्यामुळे सल्ला केंद्राचं नाव ऐकताच मला सगळं समजलं आणि हातातली मेथी तशीच राहिली.

वहिनींचा नवरा अविनाश खोमणे. पोलिसात हवालदार, नेमणूक मागोवाच्या कक्षात.

आणि आमच्याकडे लग्न ठरताना चौकशी कोणाकडे करतात? मुलीच्या शेजाऱ्याकडे. सौमित्रच्या आईंना त्यात पोलिसातलाच शेजारी मिळाला. त्यांनी साखर वगैरे देऊन विचारलं असणार, मुलगी कशी आहे हो? खोमण्यांनी शेजारधर्म पाळला आणि माझ्या स्कूटरचा नंबर टाकला.

आई आंघोळीला गेली तशी मी खाली गेले. खोमणे ड्युटीवर होते. वहिनी लसूण सोलत होत्या. मी सांगितलं तेव्हा त्यांच्या हातातली सुरी खाली पडली.

"त्यांना कळलंय?"

"तुमचं नाही कळलेलं. त्यांना वाटतंय मीच जाते."

वहिनी भिंतीला टेकल्या. "माझ्या गाडीचा नंबर त्यांनी कधीच घालून ठेवलाय त्यात. मी मंडईच्या पुढे गेले की त्यांच्या मोबाइलवर घंटी वाजते. म्हणून तुझी न्यायचे. मला वाटलं, तुझी कोण बघणार आहे?"

"आता किती दिवस लागतील?"

"बायकांच्या निवाऱ्यात जागा व्हायचीय. दुसऱ्या गावात आहे, पत्ता मलाही सांगत नाहीत. केंद्रातल्या बाई पुढच्या आठवड्यात म्हणाल्यात." मग त्या एकदम ताठ झाल्या. "शर्वरी, तू सांगून टाक. माझ्यापायी तुझं लग्न मोडायचं नाही."

"सांगून टाकते आणि मग काय होईल?"

वहिनींनी बाही मनगटावर ओढून घेतली. गेल्या दिवाळीत त्यांचा हात मोडला होता तेव्हा इमारतीला त्या जिन्यावरून पडल्याचं सांगितलं होतं. निघून जायचा विचार करणाऱ्या बायकोचं खोमणे काय करतील, ते आम्हा दोघींनाही ठाऊक होतं. मला भयंकर राग आला होता आणि तो नेमका कोणावर काढायचा ते कळत नव्हतं. मी त्यांच्या ताटलीतला लसूण सोलायला घेतला आणि तो धड सोललाही जाईना.

रविवारी बैठक बसली. सौमित्र, त्याची आई आणि मध्यस्थ म्हणून खोमणे. आमच्याकडे एकसारखे कप नव्हते म्हणून आईने खालून ट्रे मागवला आणि तो घेऊन शीतलवहिनीच वर आल्या.

"आम्हाला भांडायचं नाही," सौमित्रच्या आई म्हणाल्या. "खरं काय ते कळू दे म्हणजे झालं."

"खरं सांगते ना," आई उसळली. "हिच्या कॉलेजात अंगठा लावून हजेरी असते. मंगळवारी तीन वाजता ही वर्गात असते. आत्ता प्राचार्यांना फोन लावते, विचारा त्यांनाच."

"लावा की काकू," खोमणे शांतपणे म्हणाले. "मग गाडी कोण नेतंय तेही बघू आपण. मागोवा खोटं बोलत नाही. हा घ्या फोटो, गिरणी चौकातला."

त्यांनी मोबाइल टीपॉयवर ठेवला आणि दोन बोटांनी फोटो मोठा केला. माझी स्कूटर, माझा सनकोट, माझा स्कार्फ. आतली बाई खांदे किंचित पुढे घेऊन बसली होती. तो माणूस स्वतःच्या बायकोचा फोटो मोठा करकरून चारचौघांना दाखवत होता आणि त्याला ती ओळखू येत नव्हती. ती त्याच्याच मागे ट्रे घेऊन उभी होती. कप एकमेकांवर किणकिणत होते.

आईने प्राचार्यांचा नंबर काढला. फोन अर्थातच स्पीकरवर. पहिली रिंग गेली.

मी आईच्या हातातून फोन घेतला आणि बंद केला.

"आई, राहू दे. तो कोट माझा आहे. ती मीच आहे."

"अगं, पण तुझा तास..."

"तास मी बदलून घेतलाय. मी जाते तिथे. पुण्यात शिकत असताना मी रजिस्टर लग्न केलं होतं. ते टिकलं नाही. आता त्याचं मिटवायचं चाललंय."

आईकडे मी पाहिलंच नाही. पाहिलं असतं तर पुढचं बोलता आलं नसतं. सौमित्रच्या आई पदर सावरून उठल्या. खोमणे मान हलवत "बरं झालं वेळेत कळलं" म्हणाले आणि त्यांनी मोबाइल खिशात टाकला. त्यांच्या चेहऱ्यावर समाधान होतं. वहिनींनी ट्रे ठेवला आणि पाणी आणते म्हणून आत गेल्या, त्या बराच वेळ बाहेर आल्या नाहीत.

सौमित्र तेवढा बसून होता. तो माझ्याकडे बघत नव्हता. तो स्वयंपाकघराच्या दाराकडे बघत होता.

आई त्या दिवशी जेवली नाही. साड्यांवरच्या चिठ्ठ्या तिने एकेक करून काढल्या. मला दहा वेळा वाटलं, सांगावं. पण आईला सांगणं म्हणजे स्पीकरवर टाकणं. तिने खाली जाऊन खोमण्यांची गचांडीच धरली असती. मी तोंड मिटून कुशी बदलत पडून राहिले.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत सौमित्र कॉलेजात आला. आम्ही सायकल स्टँडच्या पत्र्याखाली उभे राहिलो.

"तू काल खोटं बोललीस," तो म्हणाला.

"कशावरून?"

"गेल्या महिन्यात एका मंगळवारी मी इथे आलो होतो. तीनच्या सुमारास. तुला न सांगता." त्याचे कान लाल झाले होते. "बघायचं होतं तुला. शिकवताना कशी दिसतेस ते. व्हरांड्यात उभा राहून बघितलं आणि गेलो. तू वर्तुळ काढत होतीस आणि ते अंड्यासारखं येत होतं."

मला हसू आलं आणि रडूही. या शहरात माझ्यावर नजर ठेवणाऱ्यांत एक असाही होता तर.

"मग गाडीवर कोण, याचा विचार केला," तो म्हणाला. "काल ट्रे घेऊन आलेल्या बाईंचे हात बघितले. फोटो दाखवला तसे त्यांच्या ट्रेमधले कप किणकिणायला लागले. त्या खोमण्यांच्या मिसेस ना?"

"कोणाला बोललास?"

"फक्त आईला. सकाळीच सांगितलं. तिला पटलं, शर्वरी. तिला वाईट वाटलं, ती तुझी माफी मागायला येणार आहे. फक्त आधी एकदा खोमण्यांना विचारते म्हणाली, खात्रीसाठी. संध्याकाळी ते घरी आले की फोन करणार आहे."

एवढ्या चांगुलपणाने कोणी कोणाचा गळा कापत असेल असं मला वाटलं नव्हतं.

"तो तिला मारतो, सौमित्र. हात मोडलाय एकदा. ती निघून जायच्या तयारीत आहे, आणखी थोडे दिवस हवेत. तुझ्या आईने फोन केला तर आज रात्री तिचं काय होईल, सांग ना मला."

तो पांढराफटक पडला. "मी आईला समजावतो. फोन करू नकोस म्हणून सांगतो."

"का करू नको, हे त्या विचारतील. मग तू कारण सांगशील. मग त्या त्यांच्या बहिणीला सांगतील."

त्याने वाद घातला नाही, कारण त्याला आपली आई माहीत होती. पत्र्यावर एक कावळा नाचत होता. सौमित्रने वर बघितलं, मग माझ्याकडे.

"म्हणजे तिला परत तुझंच खरं वाटलं पाहिजे. कालचं."

"हो."

"मग आपलं लग्न नाही होणार."

"नाही होणार."

त्याने मोबाइल काढला. हा माणूस संथ आहे, हे मी आधीच सांगितलंय. पण नंबर लावायला त्याला जराही वेळ लागला नाही.

"आई, सकाळी सांगितलं ते खरं नाही. मीच रचलं होतं सगळं." पलीकडून काहीतरी तावातावाने बोलणं आलं. "हो, झालंय तिचं लग्न. मला आधीपासून माहीत होतं. तिने मला सांगितलं होतं, मीच तुमच्यापासून लपवलं... नाही, तिची चूक नाही. मला वाटलं, कळणार नाही कोणाला... हो. लाज वाटते. आता मोड म्हणतेस तर मोडू. खोमण्यांना कशाला विचारतेस, आपलीच शोभा. हो. ठेवतो."

फोन ठेवून तो खिशात हात घालून उभा राहिला. सुपारी फुटली तेव्हा तो मला बरा वाटला होता. आता, लग्न मोडून झाल्यावर, मला तो इतका आवडला की छातीत दुखायला लागलं. घंटा झाली. मी वर्गात गेले आणि मुलांना काय शिकवलं ते मला आजही आठवत नाही.

त्याच आठवड्यात शीतलवहिनी निघून गेल्या. मी कॉलेजातून केंद्राला फोन करून खोमण्यांनी गिरणी चौकातला फोटो दाखवल्याचं सांगितलं, तेव्हा त्यांनीच धावपळ करून जागा लवकर मिळवली आणि भेटायचं ठिकाण बदललं. वहिनींनी मोबाइल फ्रिजवर ठेवला, स्वतःची स्कूटर खाली लावलेलीच ठेवली आणि भाजीची पिशवी घेऊन पायी निघाल्या. मी त्यांच्याबरोबर मंडईपर्यंत चालत गेले. प्रत्येक चौकात खांबावरचे कॅमेरे होते आणि ते आमच्या शेजारून जाणाऱ्या रिक्षा, टेम्पो, स्कूटर एकेक करून वाचत होते. आमच्याकडे वाचण्यासारखं काही नव्हतं. मंडईच्या मागच्या दाराशी दोन बायका उभ्या होत्या. वहिनींनी माझा दंड घट्ट धरला, मग सोडला आणि गर्दीत शिरल्या.

आईला मी तेव्हा सांगितलं. तिने आधी मला एक रट्टा दिला, मग दोन दिवस अबोला धरला आणि तिसऱ्या दिवशी, फोन स्पीकरवर न ठेवता, मावशीला फक्त "शर्वरीचं नाही जमलं" एवढंच सांगितलं.

खोमण्यांनी शहर उपसलं. बायकोचा नंबर टाकला, तर गाडी इमारतीतच उभी. मग त्या दिवशी आमच्या गल्लीत आलेल्या प्रत्येक गाडीचा नंबर टाकला. दूधवाल्याला चौकीवर बोलावलं, गॅसवाल्याला बोलावलं, समोरच्या कुलकर्ण्यांच्या जावयाला बोलावलं. केंद्रात जाऊन आरडाओरडा केला, तिथे त्यांना दाराबाहेरच उभं केलं. त्यांच्या हाताखालच्या यंत्राला लाखो गाड्या माहीत होत्या आणि चालत गेलेली एक बाई सापडत नव्हती. एका संध्याकाळी मी कॉलेजातून आले तर ते माझ्या स्कूटरजवळ उभे होते. सीट उघडी होती. सनकोट त्यांच्या हातात होता आणि ते त्याची बाही आपल्या हाताशी धरून मोजल्यासारखी बघत होते.

"हा तुमचाच ना, मॅडम?"

"माझाच."

"दर मंगळवारी तुम्हीच जात होता."

"सांगितलं ना मी तुमच्यासमोर."

त्यांनी कोट परत ठेवला. त्या दिवसापासून आमच्या दारासमोर थांबणारी प्रत्येक गाडी त्यांच्या मोबाइलवर वाजते. हे त्यांनीच मला सांगितलं, इमारतीच्या सुरक्षेसाठी म्हणून. जिन्यावर पाऊल वाजलं की मी ऐकत राहते. त्यांचं दार उघडलं की मोजत राहते, वर येतात की खाली जातात. माझं लग्न झालेलं नाही हे कधीतरी कोणीतरी सिद्ध करील, अशी धास्ती बाळगणारी करंजपुरात मी एकटीच असेन. सौमित्रला मी निरोप पाठवला की इकडे फिरकू नकोस. त्याची गाडी या गल्लीत दिसली तर खोमण्यांना लग्न मोडलेला मुलगा पुन्हा का आला, हा प्रश्न पडेल, आणि त्या प्रश्नाचं टोक धरून ते कुठपर्यंत जातील सांगता येत नाही. त्याचं उत्तर आलं नाही. मला वाटलं, संपलं.

काल दुपारी बेल वाजली. दार उघडलं तर सौमित्र. शर्ट घामाने पाठीला चिकटलेला, चपला धुळीने पांढऱ्या झालेल्या. तो राहतो ती पाटबंधारे वसाहत शहराच्या पार दुसऱ्या टोकाला आहे.

"वेडा आहेस का?" मी दबक्या आवाजात म्हणाले. "गाडी कुठे लावलीस?"

"गाडी घरी आहे," धापा टाकत तो म्हणाला. "मीही घरीच आहे."

खाली खोमण्यांच्या दाराची कडी वाजली. मी त्याला बाहीला धरून आत ओढलं आणि दार लावून घेतलं.